सोडली

रामनगरची बस चुकली. पुढची यायला वेळ होता, म्हणून मामा आणि भाची जोयड्याच्या थांब्यावरच बसले. मामा मराठी शाळेचे निवृत्त गुरुजी, भाची धारवाडहून संगणक शिकून आलेली. बोलणं कृत्रिम बुद्धिमत्तेवर आलं ते तिच्यामुळेच.

"मामा, पंचायत राज मंत्रालयानं 14 ऑगस्ट 2025 ला 'सभासार' आणलं. ग्रामसभेचं ध्वनिमुद्रण टाकलं की इतिवृत्त तयार. मराठीतसुद्धा."

"आणि कुणब्यांच्या कोकणीचं काय?"

"ती कागदावर आहेच किती? यंत्र लिहिलेल्यावरून शिकतं."

"म्हणजे जे कुणी लिहिलंच नाही, त्याचा सारांश काढणार."

"आज तरी कोण धड लिहितं? बाया मागं बसून कोकणीत बोलतात, पुरुष मराठीत भांडतात आणि कागदावर कानडीत दोन ओळी उमटतात. चर्चा झाली, ठराव संमत. एकदा तुमची सहीही आधीच घेतली होती ना? यंत्र निदान कुणाचं तोंड बघून गाळत नाही."

"घेतली होती. मी ती का दिली, हे मला अजून उमगलेलं नाही." मामा थोडे ओशाळले. "पण वनहक्काची सभा घे. 2006 च्या कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. गोव्यातला कुणबी 2003 पासून अनुसूचित जमातीत आहे, घाटाच्या या बाजूचा, कर्नाटकातला नाही. म्हणून इथल्याला तीन पिढ्यांची, 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. कागद कुठला? जुनं सुपा गाव तर काळी नदीवरच्या धरणात गेलं. वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा धरतात, तो याचसाठी. आता एखादी म्हातारी उठून म्हणाली, 'सासऱ्यानं इथं कुमरी केली, मग सोडली.' यंत्र काय लिहील?"

"जमीन सोडून दिली."

"कुमरी म्हणजे फिरती शेती, तिच्यात सोडणं म्हणजे विसावा देणं. काही वर्षांनी तिथंच परतायचं असतं. एका क्रियापदात दावा बुडाला की नाही?"

"कारकूनही तेच लिहील."

"लिहील. पण त्याच्या टेबलाशी उभं राहून मी म्हणेन, बाबा, असं नव्हे. तो चिडेल, मग खोडेल. यंत्राशी भांडायचं कुणी?"

"पीडीओशी, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याशी भांडा, सही त्याचीही असते. शिवाय म्हातारीचा मूळ आवाज ध्वनिमुद्रणात राहतो. कारकुनाच्या कागदामागं आवाज कुठं असतो?"

मामा गप्प झाले. हा मुद्दा त्यांना सुचला नव्हता.

"आवाज राहतो, पण कुणाकडं?" ते जरा वेळानं म्हणाले. "काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतला माणूस वनखात्याबद्दल सभेत जे बोलतो, ते सभेपुरतं बोलतो. समोर मोबाइल ठेवला तर तीच म्हातारी 'सगळं बरं हाय' म्हणून खाली बसेल. यंत्र तेही बिनचूक लिहील."

"मग सभा कायम तोंडीच ठेवायची? तोंडी राहिली म्हणून तर इतकी वर्षं कुणी विचारलं नाही."

"तेही खरंच."

"वनहक्काच्या नियमांतच वाट आहे, मामा. 2012 च्या दुरुस्तीनं सांगितलं, उपग्रहाचं चित्र पुराव्याला पूरक चालेल, पुराव्याच्या जागी नाही. विसाव्यातली कुमरी आणि जंगल आकाशातून सारखंच हिरवं दिसतं. इतिवृत्तालाही तोच नियम लावू. यंत्राचा मसुदा सभेत वाचून दाखवायचा, कोकणीत, सही व्हायच्या आधी. ज्याला आवाज ठेवायचा नाही, त्याचा पुसायचा."

"दोन तास लागतील. मजुरी बुडवून कोण बसेल?"

"त्याचं उत्तर माझ्याकडं नाही."

लांबून बसचा आवाज आला. भाचीनं मोबाइल काढला. "तुमची म्हातारी टिपून ठेवते. 'सोडली'च्या जागी काय लिहू? 'पडीक ठेवली'?"

"पडीक म्हटलं की सरकार ती आपली समजतं."

"मग 'विसाव्याला ठेवली'?"

"हा शब्द माझा. शाळामास्तराचा." मामा उठले, पिशवी खांद्याला लावली. "कुमरी केलेलं कुणी भेटलं तर त्यालाच विचार. रामनगरात आहेत दोघं-तिघं."