एका तारखेचे सोबती

देवा, तू अनादी, अनंत. तुला वाढदिवस कुठला? तरी चैत्रातल्या नवमीला आणि श्रावणातल्या अष्टमीला आम्ही तुझा पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो, आणि तू ते गोड मानून घेतोस. माणसाला प्रेम करायला एक दिवस नेमून घ्यावा लागतो, हे तू जाणतोस. त्याच भरवशावर जबलपूरच्या या खमरियातून मी आज तुझ्यापुढे हात जोडते आहे. माझं मागणं जन्मदिवसांबद्दलचं आहे.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका खिळ्याला कालनिर्णय आणि शेजारच्या खिळ्याला याच शहरात छापलेलं लाला रामस्वरूपचं पंचांग लटकलेलं असतं. संकष्टीचा चंद्रोदय एकात पाहायचा, इथले सणवार दुसऱ्यात. जिथे दुधाचे खाडे मांडायचे, त्याच चौकटीत मी बारीक अक्षरात गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांची, नाचणाऱ्यांची, चित्रं काढणाऱ्यांची नावं टिपत आले. माझ्या माणसांचा दिवस चुकू नये, एवढाच हेतू होता. पण टिपता टिपता एका चौकटीत दोन नावं झाली, मग तीन. माझ्या माणसांच्या शेजारी तू कुणाकुणाला आणून बसवलं होतंस, ते दिसू लागलं. त्याबद्दल आधी तुझे आभार मानते.

१ ऑक्टोबरसाठी तुझे आभार. १९१९ साली या दिवशी माणदेशातल्या शेटफळ्याला तू ग. दि. माडगूळकरांना पाठवलंस. तिथलं रान कोरडं, पाऊस बेभरवशाचा, आणि त्या मातीतून शब्दांना असा पाझर फुटला की १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर रामकथा वाहत राहिली. छप्पन्न गीतं. सुधीर फडक्यांची चाल लागली आणि महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांतही ती मराठी पोचली. इथे जन्मलेल्या, शाळेत हिंदी शिकलेल्या आमच्या किती मुलांनी आपली भाषा त्या गीतांतून कानांवर घेतली, ते तुलाच ठाऊक.

आणि देवा, त्याच दिवशी, त्याच वर्षी तू अवधातल्या सुलतानपूरला मजरूह सुलतानपुरींना जन्माला घातलंस. सुलतानपूर अयोध्येला लागून आहे. ज्या भूमीत रामकथा घडली तिथे एक कवी उर्दू गझल लिहिणार होता, आणि ती रामकथा मराठीत सांगणारा दुसरा कवी त्याच दिवशी माणदेशात डोळे उघडत होता. मजरूह युनानी वैद्यक शिकले, नाडी बघायला बसले, आणि मग मुंबईत येऊन त्यांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ चित्रपटांची गाणी लिहिली. सत्तेविरुद्ध कविता केली म्हणून तुरुंगात गेले. पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले गीतकार ठरले.

या दोघांच्या तेरा वर्षं आधी, १९०६ च्या १ ऑक्टोबरला, कोमिल्ला गावी त्रिपुराच्या राजघराण्यात सचिन देव बर्मन जन्मले. नदीवरच्या नावाड्यांची, फकिरांची गाणी कानांत साठवून तेही मुंबईला आले. आणि मग तू या तारखेच्या दोघांना एका पेटीपाशी बसवलंस. ‘सुजाता’ १९५९ चा, ‘अभिमान’ १९७३ चा. शब्द मजरूहांचे, चाल बर्मनदादांची. ‘सुजाता’त अस्पृश्य घरात जन्मलेल्या मुलीची व्यथा होती, आणि ती गाण्यांत उतरवणारे होते एक राजघराण्यातले आणि एक पोलिसाचे पुत्र. जन्माने माणसात भेद करणाऱ्या आमच्या समाजापुढे तू हे जोडकाम ठेवलंस. ते आमच्या ध्यानात राहू दे.

२९ एप्रिलसाठी तुझे आभार. आमच्या देवघरातली सरस्वती आणि लक्ष्मी आम्ही ज्या रूपात ओळखतो, ते रूप राजा रविवर्मांच्या कुंचल्यातून आलं. १८४८ च्या या दिवशी ते केरळात किळिमानूरला जन्मले. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू दिलं जात नव्हतं त्यांच्याही भिंतीवर तू कागदावर उतरलास. दगडी छापाच्या त्या रंगांत तू स्वतःला कोंडून घेतलं नाहीस, वाटून टाकलंस. याच तारखेला १७२७ मध्ये पॅरिसला नोव्हेर जन्मले, ज्यांच्या स्मरणार्थ जग या दिवशी नृत्यदिन पाळतं. १८९९ मध्ये अमेरिकेत ड्यूक एलिंग्टन आले, आणि ज्या काळ्या माणसांना अनेक ठिकाणी पुढच्या दाराने प्रवेश नव्हता त्यांचं संगीत त्यांनी भरल्या सभागृहांत मानाने नेऊन बसवलं. १९३६ मध्ये आमच्या मुंबईत पारशी घरात झुबिन मेहता जन्मले. चित्र, नाच, जाझ आणि पाश्चात्य वाद्यवृंद, चार वाटांचे हे चार प्रवासी एका तारखेच्या उंबऱ्यातून आत आले.

रविवर्मा गेले ते १९०६ च्या २ ऑक्टोबरला. आदल्याच दिवशी कोमिल्ल्याला सचिन देव यांचा पहिला टाहो उमटला होता. तुझ्या घरी निरोप आणि स्वागत असे लागोपाठच्या दिवशी होत असतात. आमच्यातलं कुणी मोठं माणूस गेलं की आता तसं कुणी होणं नाही, असं म्हणत आम्ही बसून राहतो. अशा वेळी उद्या-परवा कुठे पाळणा हलतो आहे तिकडे बघायला आम्हाला शिकव.

४ फेब्रुवारीसाठी तुझे आभार. १९२२ मध्ये गदगकडे जन्मलेले भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर असं भटकून अखेर घराजवळच्या कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायांशी बसले. मातृभाषा कन्नड, आणि मराठी माणूस पंढरीचं नाव काढतो तेव्हा कानांत आवाज त्यांचाच असतो. त्यांच्याच तारखेला पुढे लखनौच्या कालका-बिंदादीन घराण्यात बिरजू महाराज जन्मले. सात पिढ्यांची विद्या ज्यांच्या घरी पाण्यासारखी भरलेली ते एक, आणि विद्येसाठी वणवण करून रेल्वेत गाऊन पोट भरणारे दुसरे. देवा, कुणाला तू भरला रांजण देतोस, कुणाला नुसती तहान देतोस. ज्यांच्या वाट्याला तहान आली आहे त्या मुलांना वाटेत हात देणारी माणसं भेटू देत. आणि मूल घर सोडून निघालं की ज्या आईबापांचा जीव टांगणीला लागतो, त्यांना तू सांभाळ.

१५ जूनसाठी विशेष आभार, कारण ती तारीख आमच्या जबलपूरची आहे. १९२९ मध्ये या दिवशी ब्योहार राममनोहर सिन्हा जन्मले. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे ते शिकले, आणि देशाच्या मूळ संविधानाची पानं सजवण्याचं काम नंदलालबाबूंच्या चमूकडे आलं तेव्हा उद्देशिकेच्या पानाची वेलबुट्टी या जबलपूरकराने रेखली. पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, त्या नक्षीत हरवून जाईल इतक्या लहान अक्षरांत त्यांनी सही केली आहे: राम. देशाने स्वतःला दिलेलं वचन मधोमध ठळक, आणि ते सजवणारा कोपऱ्यात. गोलबाजारच्या शहीद स्मारकाच्या भिंतींवरही त्यांचाच हात फिरला आहे. त्याच दिवशी, त्याच वर्षी सुरैयाचा जन्म झाला, जिच्या आवाजात गालिबची गझल घराघरांत शिरली. आणि १८४३ च्या १५ जूनला नॉर्वेत बर्गनला ग्रीग जन्मले, ज्यांनी आपल्या डोंगरातल्या लोकांचे सूर जगाला ऐकवले. आमच्याकडे तेव्हा मृगाचे ढग दाटत असतात. त्या ढगांखाली या तिघांची नावं एका दमात घेण्याचं भाग्य तू मला दिलंस.

मला ठाऊक आहे, यात चमत्कार काही नाही. तेवीस माणसं एका खोलीत जमली तर त्यांच्यातल्या कुणा दोघांची जन्मतारीख एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे गणित आमची मुलं शाळेतच शिकतात. दिवस मोजून तीनशे सहासष्ट आणि शतकांमधले कलावंत हजारो, मग एका चौकटीत दाटी व्हायचीच. तारखाही आमच्याच मांडणीच्या. संगीतकार चायकोव्हस्की जन्मले तेव्हा रशियात २५ एप्रिल होता आणि पश्चिम युरोपात ७ मे. त्या ७ मे ला ब्रह्म्स जन्मले, रवींद्रनाथ जन्मले, आणि आमचे बंगाली शेजारी मात्र रवींद्रनाथांचा दिवस वैशाखाच्या पंचविसाव्यालाच धरतात. म्हणून ग्रहताऱ्यांचा कौल मी तुझ्याकडे मागत नाही. एका तारखेमुळे स्वभाव जुळतात असंही नाही. ब्रह्म्सचं संगीत चायकोव्हस्कींना कधी रुचलं नाही, पण भेट झाली तेव्हा माणूस आवडला. तारीख त्यांनी निवडली नव्हती. त्या तारखेला आठवण कुणाकुणाची काढायची, हे मात्र आमच्या हातात आहे. त्या हाताला तू वळण लाव, एवढंच मी मागते.

देवा, ज्यांची चौकट कोरीच राहिली त्यांनाही मी आज तुझ्यापुढे आणते. इथून थोड्या अंतरावर भेडाघाटला चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे, कलचुरी राजांच्या काळातलं, हजार वर्षांपूर्वीचं. योगिनींची नावं पीठांवर कोरलेली आहेत. ती कोरणारे हात कोणत्या दिवशी जन्मले, ते फक्त तुझ्या वहीत असेल. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आयाबायांचे वाढदिवस कुणी मांडले? आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या दाखल्यांवर तर शाळा उघडण्याचा १ जुलैच जन्मतारीख म्हणून पडला, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच लिहून टाकली. कागदावर सगळे एका दिवसाचे झाले, आणि खरा दिवस आईबरोबर गेला. त्यांच्यातही गाणारे होते, मूर्ती घडवणारे होते, दारात पोतेऱ्याच्या ओल्या भिंतीवर बोटांनी मोर काढणाऱ्या होत्या. ते सगळे एका तारखेचे सोबतीच. १ जुलैच्या चौकटीत मी त्यांच्यासाठी एक ओळ राखून ठेवली आहे. ती तू मान्य कर.

आणि आता खमरियासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे आयुध कारखाना उभा राहिला आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून माणसं आली. ईस्ट लँड आणि वेस्ट लँडच्या क्वार्टर्समध्ये एका रांगेत मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, बुंदेली बोलणारी घरं वसली. इथले हात दिवसभर दारूगोळा भरतात. एक चूक झाली तर काय होतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. भोंगा झाला की आत जाणाऱ्या प्रत्येकाला तू संध्याकाळी धडधाकट बाहेर आण. त्याच हातांनी गणपतीत मखर बांधलं आहे, दुर्गापूजेत ढाक वाजवला आहे, भजनाला पेटी धरली आहे. त्या हातांतली कला पाळीच्या थकव्याने मरू देऊ नकोस.

आपल्या माणसाचा दिवस साजरा करताना शेजाऱ्याच्या माणसाला विसरण्याची सवय आम्हाला लवकर लागते. मराठी मंडळाने गदिमा आठवायचे, बंगाली घरांनी सचिन कर्ता, आणि मजरूह कुणाचेच नाहीत, असं होऊ देऊ नकोस. परमुलखात राहून आपली भाषा जपायची तर कुंपण घालून बसावं लागतं, ही भीती आमच्या मनातून काढून टाक. आमची भाषा तू इथवर गाण्यातून आणलीस, आणि गाण्याला शेजार लागतो.

आज इथल्या एखाद्या क्वार्टरमध्ये जन्मलेल्या मुलाच्या तारखेला आधी कोण कोण येऊन गेलं, ते त्याला मोठेपणी कुणीतरी सांगू दे. त्या नावांचं ओझं न वाटता त्याला सोबत वाटू दे. त्याने गावं, रंगवावं, नाचावं, किंवा नुसतं मनापासून ऐकावं. ऐकणाऱ्यांवाचून तुझ्या कलावंतांचं काय झालं असतं?

येत्या १ ऑक्टोबरला आमच्या कॉलनीत एक साधी सभा व्हावी, ही इच्छा मी तुझ्या पायांशी ठेवते. रामकथेतलं एक मराठी गीत शेजारच्या बंगाली घरातल्या मुलीने म्हणावं, बर्मनदादांचं बांगला गाणं आमच्या मुलाने शिकून म्हणावं, आणि मजरूहांची गझल सगळ्यांनी मिळून. उच्चार चुकले तर एकमेकांनी प्रेमाने सुधारावेत. तालमींसाठी संध्याकाळी वेळ काढण्याची, दारोदार जाऊन माणसं गोळा करण्याची, रुसलेल्यांना समजावून आणण्याची ताकद आम्हाला दे. हे काम आमच्या हातून करून घे, देवा, आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपव.