वाढता पैसा आणि पापाचा प्रश्न

देशातला एकूण पैसा आणि वर्षभराच्या उत्पादनाचे मूल्य यांचे गुणोत्तर अर्थशास्त्रात निव्वळ मोजमाप मानले जाते. भारतात ठेवींसह मोजलेला पैसा वार्षिक उत्पन्नाच्या साधारण ८० टक्क्यांच्या घरात असतो. उत्पादन तेवढेच राहून पैसा वाढला, तर कोणावर अन्याय होतो का, हा प्रश्न मात्र आधुनिक अर्थशास्त्र जन्मण्यापूर्वीच धर्मशास्त्र्यांपुढे आला होता.

१५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीच्या डोंगरात चांदी सापडली. अमेरिकेतली चांदी सेव्हिल बंदरात उतरत राहिली आणि स्पेनमध्ये महागाई वाढत गेली. चर्चच्या दृष्टीने व्याज हे पाप होते. तेव्हा स्पेन आणि फ्लँडर्स यांच्यातल्या हुंड्यांवर सुटणारा नफा व्याजात मोडतो का, असा पेच पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसमोर उभा राहिला. त्यांच्यासाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथाला मार्टिन दे आस्पिल्क्वेता याने १५५६ मध्ये हुंडी-व्यवहारावरचे प्रकरण जोडले. जिथे पैसा मुबलक तिथे त्याचे मोल कमी, जिथे दुर्मीळ तिथे जास्त, असे त्याने दाखवून दिले. दोन ठिकाणच्या मोलांतल्या फरकातून मिळणारा रास्त नफा त्यामुळे निर्दोष ठरला. चांदीमुळे झालेली महागाईही कोणा एकाचा अपराध नव्हता.

हुआन दे मारियाना या जेझुइटापुढचे प्रकरण निराळे होते. तिसऱ्या फिलिपच्या सरकारने १६०३ मध्ये तांब्याच्या जुन्या नाण्यांवर नवा ठसा मारून त्यांची किंमत दुप्पट केली. राजा हा प्रजेच्या मालमत्तेचा धनी नाही. तिच्या संमतीवाचून कर बसवता येत नाही, आणि हा तर छुपा कर, असे मारियानाने १६०९ मध्ये लिहिले. त्याबद्दल त्याला मठात कैद भोगावी लागली. या युक्तिवादाचे मूळ चौदाव्या शतकातल्या निकोल ओरेम याच्याकडे जाते. नाणे समाजाचे आहे, राजाचे नव्हे, असे सांगताना युद्धासारख्या संकटात खुद्द समाजाला नाण्यात बदल करण्याची मुभा त्याने ठेवली. मारियानाच्या संतापापेक्षा ही सवलत अधिक विचारप्रवर्तक आहे, कारण तिच्यात दोष पैसा वाढण्यावर नव्हे, तर विचारल्यावाचून वाढवण्यावर येतो.

नुसत्या गुणोत्तरावरून म्हणूनच निवाडा होत नाही. जपानमध्ये ते २०० टक्क्यांच्या वर गेले, तरी तिथल्या किमती वर्षानुवर्षे जवळपास स्थिर होत्या. लोकांनी पैसा ठेवींत राखला होता. भारतात २०१६ पासून महागाईचे लक्ष्य कायद्यानुसार केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून ठरवते. ते ४ टक्के असून दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मोकळीक आहे. ओरेमच्या कसोटीला ही जाहीर मर्यादा बऱ्याच अंशी उतरते. परंतु वाढलेला पैसा नव्या कर्जाच्या रूपाने ज्याच्या हाती आधी पडतो, तो जुन्या भावाने खरेदी करून मोकळा होतो आणि ठरलेल्या पगारावर जगणाऱ्याला चढे भाव द्यावे लागतात. कायद्यातले लक्ष्य सरासरीपुरते असते. ही वाटणी त्यात मोजली जात नाही.