शेजार कुठवर मोजावा?

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी देशी दारूचे एक दुकान चर्चच्या वाटेवर येऊन बसले. अगदी समोर नव्हे. कायद्याने जेवढे अंतर राखायला सांगितले आहे, तेवढे मालकाने राखले होते. तरीही रविवारच्या मिस्सेला निघालेल्या आयाबहिणींना दारातल्या घोळक्याला वळसा घालून जावे लागे, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाहून परतणारी मुले तिथे हटकून रेंगाळत. आम्ही सह्या गोळा केल्या, अर्ज लिहिला, जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खेपा घातल्या. आश्चर्य असे की अर्जाला यश आले. दुकान हलले. त्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले.

दुकान कुठे गेले, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. ते कळले दोनेक महिन्यांनी, आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईकडून. गावाबाहेर जिनिंगच्या मागे मजुरांची वस्ती आहे. तिच्या तोंडाशीच ते उभे राहिले होते. बाईच्या स्वरात तक्रार नव्हती. "आता घरी लवकर येते नवरा," ती म्हणाली, "दुकान जवळ आलं ना."

ते वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. मादक वस्तूची विक्री राज्याने मान्य केली म्हणजे ती कुठे व्हावी हा प्रश्न उरतोच, आणि तो आपण नकाशा काढणाऱ्या अधिकाऱ्यावर सोडून मोकळे होतो. जणू तो फूटपट्टीचा प्रश्न आहे! कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाची विक्री कायदेशीर केली, तेव्हा तिथल्या नगरपालिकांपुढे पहिला वाद उभा राहिला तो दुकानांच्या जागेचाच. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना मर्यादित गांजा बाळगण्याची मुभा दिली. तिथे गांजा पिकवून आपल्या सभासदांना वाटणाऱ्या मंडळांना शाळा व क्रीडांगणांपासून दोनशे मीटर दूर राहावे लागते. आपल्याकडे १९८५च्या कायद्याने गांजाचा व्यापार हा गुन्हाच आहे, आणि तुरीच्या ओळींत लपवून लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या विदर्भातल्या वाचकाला नव्या नाहीत. तेव्हा अधिकृत दुकानाच्या जागेचा हा प्रश्न आपल्यापुढे येतो तो बाटलीच्या रूपाने. चेहरा वेगळा असला तरी प्रश्न तोच आहे.

महाराष्ट्रात त्याला एक खास वळण आहे. सत्तरच्या दशकापासून राज्याने किरकोळ मद्यविक्रीच्या दुकानांना नवे परवाने देणे थांबविले. जुने परवाने मात्र चालू राहिले आणि त्यांचे स्थलांतर होऊ लागले. त्यामुळे एखाद्या वस्तीतून दुकान गेले की आपण म्हणतो, ते बंद झाले. परवाना क्वचितच मरतो. तो सामान बांधतो आणि दुसरे गाव शोधतो.

अंतराचा नियम किती लवचिक असतो, हे २०१७ साली साऱ्या देशाने पाहिले. १५ डिसेंबर २०१६च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला. हेतू स्वच्छ होता, रस्त्यावरचे मृत्यू कमी करणे. ३१ मार्च २०१७ रोजी, वीस हजार वा त्याहून कमी लोकवस्तीच्या गावांपुरते हे अंतर दोनशे वीस मीटरवर आले. तोवर पळवाटा निघाल्याच होत्या. दुकान हलविण्याऐवजी रस्त्याचीच ओळख बदलावी, ही कल्पना कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघाली, आणि महामार्गांचे शहरातले तुकडे पालिकांच्या नावे होऊ लागले. चंडीगढने तेच केले, आणि महाराष्ट्रात ज्या शहरांत असे हस्तांतर झाले त्यांत आमचे यवतमाळही होते. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतील दुकानांना या बंदीतून मोकळे केले. केरळातील एका बारमालकाने तर कमालच केली. त्याने दारापुढे भिंतींची नागमोडी वाट बांधली, म्हणजे चालायचे अंतर पाचशे मीटरच्या वर भरावे! आम्हांला तेव्हा हसू आले होते. आज वाटते, आमच्या अर्जाने याहून वेगळे काय साधले? वाट तेवढी लांबली, आणि तीही फक्त आमच्यापुरती.

हे अंतर मोजतात तरी कशापासून? शाळेपासून, प्रार्थनास्थळापासून, हमरस्त्यापासून. म्हणजे ज्यांची सरकारदप्तरी नोंद आहे अशा वास्तूंपासून. ज्या वस्तीत यांपैकी काहीच नाही, तिथे फीत धरायची कुठून? कोलामांचा पोड, बंजारांचा तांडा, वीटभट्टीवरच्या खोपटांची रांग, या ठिकाणी माणसे राहतात, लेकरे वाढतात. परंतु नकाशावर ती जागा रिकामी दिसते. २०२५च्या मार्चमध्ये विधिमंडळात घोषणा झाली की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे दुकान उघडायचे तर संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. चांगलेच झाले. पण खोपटांची गृहनिर्माण संस्था नसते.

इथे कोणी म्हणेल, गरिबांच्या हातीही कायद्याने शस्त्र दिले आहे. खरे आहे, आणि ते शस्त्र स्त्रियांनी लढून मिळविलेले आहे. २००८च्या शासकीय आदेशानुसार गावातील वा वॉर्डातील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावे लागते. एका चित्रात बाटली उभी, दुसऱ्यात आडवी. आडवीला बहुमत मिळाले की दुकान बंद. मात्र बहुमत मोजायचे ते झालेल्या मतदानाचे नव्हे, यादीतल्या एकूण स्त्री-मतदारांचे. जी बाई त्या दिवशी कापूस वेचायला दुसऱ्या तालुक्यात गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नाही, तिचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील कितीतरी गावे त्यात मोडतात. म्हणजे कागद आहे. पण कागद वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा, जिल्ह्याच्या खेपेचे एसटीभाडे सोसणारा माणूस लागतो. आमच्याकडे हे सर्व होते. म्हणून दुकान आमच्याकडून तिकडे गेले; तिकडून इकडे आले नाही.

जे दोन वस्त्यांत घडते तेच दोन जिल्ह्यांत. वर्धा जिल्हा, गांधीजींची कर्मभूमी म्हणून, सत्तरच्या दशकापासून कोरडा. चंद्रपुरात श्रमिक एल्गारच्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे पायपीट केली आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथेही बंदी आली. या दोहोंच्या आणि यवतमाळच्या मध्ये आहे ती वर्धा नदी. बंदीच्या त्या वर्षांत वणीकडची बाटली नदीपलीकडे जाऊ लागली, आणि यवतमाळच्या स्त्रियांनी, आमच्याही जिल्ह्यात बंदी करा, म्हणून मोर्चे काढले. मे २०२१ मध्ये शासनाने चंद्रपूरची बंदी उठविली. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद इथे आम्ही घालीत नाही. पलीकडच्या काठावरच्या शांततेची किंमत अलीकडच्या काठाने मोजली, एवढे खरे.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातला याजक आणि लेवी यांनी जखमी माणसाला काही इजा केली नव्हती. त्यांनी फक्त रस्त्याची दुसरी कड धरली. आपल्यात आणि त्याच्यात अंतर राखले, आणि ते अंतर त्यांच्या लेखी शुद्धतेचे होते. आमच्या अर्जातही 'पावित्र्य' हा शब्द तीनदा आला होता. अर्ज आम्हीच लिहिला होता, म्हणून नक्की आठवते.

आणखी एक गोष्ट अवघड वाटते, तरी लिहिली पाहिजे. आपण कॅथलिक माणसे मद्याला पाप म्हणत नाही. वेदीवर द्राक्षारस आहे, काना गावचे लग्न आहे. आपल्याकडच्या लग्नांत आणि नाताळात पेले भरतात, आणि ते कुठून येतात असे कोणी विचारत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण मर्यादेची आहे, मादक पदार्थांबाबत तर ती स्पष्ट विरोधाची आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली आणि पुन्हा २०२४ साली अमली पदार्थांच्या कायदेशीरीकरणाविरुद्ध बोलून दाखविले होते. परंतु ज्याला दुकानच नको आहे त्याचा अर्ज, आणि ज्याला दुकान हवे पण दाराशी नको त्याचा अर्ज, हे दोन्ही एकाच भाषेत लिहिता येतात. आमचा कोणता होता? सही करणाऱ्यांपैकी निदान चौघांच्या घरी त्याच वर्षी लग्ने झाली. त्या लग्नांना आम्ही होतो.

दुकान समोर आले तर मुकाट्याने सोसावे, असे आमचे म्हणणे नाही. तक्रार करण्याचा हक्क आमचाही होता. पण अर्जात आणखी एक ओळ हवी होती: ते हलवाल तर कुठे न्याल, हे आधी सांगा, आणि तिथल्या माणसांना विचारा. ती ओळ लिहायला पैसा लागला नसता. लिहिली असती तर कदाचित दुकान हललेच नसते, आणि वळसा घालणे आमच्या नशिबी राहिले असते. हा धोका पत्करण्याची तयारी आमच्यात होती का? ठामपणे हो म्हणवत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या वस्तीतल्या चार बायका आमच्या ओट्यावर आल्या. आडव्या बाटलीचे मतदान मागायचे त्यांनी ठरविले आहे. आम्ही लगेच पेन काढले. त्यांतली एक हसली. आमची सही त्या अर्जावर चालणार नव्हती. आम्ही त्या वॉर्डाचे मतदार नाही. त्यांना आमच्याकडून हवे होते ते वेगळेच. मतदारयादीत नावे फार चुकीची छापली आहेत, कोणाचे माहेरचे नाव, कोणाचे वय उलटे. ती जुळवून द्यायला चष्मेवाले माणूस पाहिजे होते. दिवेलागणीपर्यंत आम्ही यादी घेऊन बसलो. एकशे सात नावे जुळली. अठ्ठावीस बायका कापूस वेचायला बाहेर जातात, त्या दिवाळीनंतर गावात नसतात. मतदान त्याआधी लागेल का, हे विचारायला उद्या त्यांच्याबरोबर तहसिलात जायचे आहे.