चिमणी आणि चाळ

मुंबईच्या गिरणगांवांतील एखादी जुनी चिमणी पाहिली म्हणजे आपल्यासारख्या सुशिक्षितांचें मन हळवें होतें. ताडदेवास कावसजी दावर यांची गिरणी १८५६ सालीं सुरू झाली. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्यांचे भोंगे थांबले. आतां जें उरलें आहे तें जपावें, असें आपण सहज म्हणतों. परंतु असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न नीतीचा आहे.

गिरणीची इमारत जरा बारकाईनें पाहावी. छप्पर करवतीच्या दातांसारखें. त्याच्या कांचा उत्तरेकडे बसविलेल्या, म्हणजे ऊन न येतां सारखा उजेड मिळावा. आंतील हवा दमट राखीत, कारण कोरड्या हवेंत सूत तुटतें. सुताची एवढी चिंता वाहणाऱ्या काळानें सूत काढणाऱ्यासाठीं काय केलें? १९२० नंतर वरळी, नायगांव, डिलाईल रोड येथें सरकारनें बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत कुटुंबाच्या वांट्यास सुमारें १६० चौरस फुटांची एक खोली आली, आणि शौचकूप सामाईक.

एकदां वर्गांत मी चाळींतील शेजारधर्माचें कौतुक करून, या इमारती आहेत तशाच राखाव्या, असें म्हणालों. अशाच चाळींत वाढलेला एक विद्यार्थी नम्रपणें म्हणाला, "सर, आपण तेथें राहावयास याल काय?" मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्याची अडचण ही माझ्या रसिकतेची सामग्री होऊं शकत नाहीं, हें त्या दिवशीं उमगलें. २०२५ सालीं वरळीच्या कांहीं कुटुंबांना तेथेंच ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. त्याबद्दल हळहळणें मला निर्दयपणाचें वाटतें.

मग सर्वच पाडावें काय? तसें नाहीं. घराचा निर्णय त्यांत राहणाऱ्यानें करावा. गिरणीची गोष्ट निराळी. तिच्या जमिनीचा कांहीं वांटा मैदानांस व सामान्यांच्या घरांस द्यावा, असा नियम १९९१ सालीं झाला होता. २००१ च्या दुरुस्तीनें तो वांटा केवळ मोकळ्या जमिनीपुरता राहिला, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आज त्यांतील कित्येक आवारांत दुकानें व कचेऱ्या आहेत, एखादी चिमणी शोभेसाठीं उभी आहे, आणि हजारों गिरणीकामगारांचीं कुटुंबें अजून घराची वाट पाहत आहेत.

चिमणी अवश्य जपावी. परंतु वारशाबरोबर ऋणहि येतें. तें नाकारून मालमत्ता तेवढी घेणाऱ्या वारसास आपल्या समाजानें कधीं भला म्हटलेलें नाहीं.