कृपा आणि उचल

ख्रिस्ती धर्मशिक्षणात कृपा म्हणजे लायकी न पाहता देवाने केलेला माणसाचा स्वीकार. आधी स्वीकार, मग आज्ञापालन, असा हा क्रम आहे. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेले पत्र याच क्रमासाठी भांडते. तिथल्या मंडळ्यांना काही शिक्षक सांगत होते की ख्रिस्तावरचा विश्वास ठीक, पण सुंता करून घ्या, नियमशास्त्र पाळा, तेव्हाच पुरे पडेल. पौलाच्या दृष्टीने ही पुरवणी जोडताच मूळ गोष्टच रद्द होते, आणि म्हणूनच त्या पत्रात त्याची भाषा फार तिखट झाली आहे.

वेदीवरून क्रम उलटा शिकवला जातो असे सहसा घडत नाही. तिथे कृपाच सांगितली जाते. क्रम उलटतो तो रोजच्या मोजणीत. पहाटेची प्रार्थना चुकली, वचन वाचायचे राहिले, दशांश कमी पडला, शेजाऱ्याला साक्ष देताना जीभ अडखळली, अशा नोंदी मनात साचत जातात. मग घरात आजारपण आले किंवा पीक बुडाले की त्याचे कारण त्याच नोंदींत शोधले जाते. कोणी उघड दोष दिला नाही तरी माणूस स्वतःला देतोच. विश्वास ही कामगिरी होते आणि रविवारची उपासना तिची हजेरी.

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात या उलट्या क्रमाला नेमके बसेल असे एक नाते सर्वांच्या ओळखीचे आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या हंगामासाठी येणारी ऊसतोड टोळी मुकादमाकडून आधी उचल घेते. पैसा कामाच्या आधी हातात पडतो, म्हणून पहिल्या दिवशी तो उपकारासारखा वाटतो. मग हंगामभर कोयता चालवून तो टनाच्या मजुरीतून फेडायचा, आणि फिटला नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. पुष्कळ श्रद्धावंतांची कृपेविषयीची समजूत अशीच असते. देवाने क्षमा आधी दिली हे खरे, पण ती आता आयुष्यभर फेडायची आहे. वरवर हा विनय दिसतो. प्रत्यक्षात क्षमेचे कर्जात रूपांतर झालेले असते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दृष्टांत या हिशेबावरच घाव घालतो. सकाळपासून राबलेल्याला आणि दिवसाच्या शेवटच्या तासाला आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो. इंदापूरच्या द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्या बाईलाही हा अन्याय वाटेल, आणि वाटावा अशीच गोष्टीची रचना आहे. तो दृष्टांत ऐकून ज्याला जराही राग येत नाही, त्याने तो नीट ऐकलेला नसतो.

महाराष्ट्रात या मोजणीला सामाजिक कारणही होते. एकोणिसाव्या शतकात दलित जातींतून किंवा दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांवर ‘पोटासाठी धर्म बदलला’ हा आरोप कायमचा चिकटला. त्यामुळे आपला विश्वास खरा आहे हे त्यांना दोन्हीकडे सिद्ध करत राहावे लागले, गावापुढे आणि मिशनपुढेही. ज्याच्यावर सतत संशय घेतला जातो तो देवासमोरही पुरावे घेऊनच उभा राहतो.

या विषयावरचा मराठी मुलखातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज बारामतीच्या शेजारचाच, केडगावचा आहे. केडगाव आज दौंड तालुक्यात आहे. जुन्या भीमथडी तालुक्यात केडगाव आणि बारामती एकत्रच होती. केडगावात मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंची (1858–1922) साक्ष 1907 साली प्रसिद्ध झाली. एकाच माणसाला कमाईच्या धर्मातून एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा कसे बाहेर पडावे लागले, हे तीत दिसते.

सुरुवात बालपणापासून होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थामागून तीर्थ फिरले. पुराणे सांगितली, व्रते केली, होते नव्हते ते दान केले. 1874 च्या सुमारास, दुष्काळाच्या दिवसांत, थोड्या काळाच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. शास्त्राने सांगितलेले सगळे करूनही उपासमार टळली नाही, ही आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली. म्हणून त्यांची कथा ‘हिंदू कर्मकांड सोडले आणि कृपा मिळाली’ अशी सरळ सांगण्याचा मोह प्रचारकांना होतो. रमाबाईंची स्वतःची साक्ष तसे सांगत नाही.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठवासी भगिनींचे फुलहॅम येथील काम त्यांनी पाहिले होते. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. हे कशासाठी, या त्यांच्या प्रश्नावर एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्री आणि येशू यांच्या भेटीचा प्रसंग वाचून दाखवला. त्या प्रसंगाने त्या हलल्या. तरी बाप्तिस्म्यानंतरची वर्षे वादात आणि अभ्यासात गेली. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. काम वाढत होते, नाव होत होते, मनाला मात्र स्वस्थता नव्हती.

1891 च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅसलमला कॉर्नवॉलमधल्या स्वतःच्याच चर्चमध्ये, स्वतःच उपदेश करत असताना, आपला विश्वास पोकळ असल्याचे जाणवले होते. रमाबाईंना त्यात स्वतःची अवस्था दिसली. आपण धर्ममत स्वीकारले, त्याचे नियम पाळले, त्याच्यासाठी राबलो. पण ज्याच्यावर सगळा भार टाकायचा त्याच्यावर तो अजून टाकलेलाच नाही, असे त्यांच्या लक्षात आले. बाप्तिस्म्याला तोवर आठ वर्षे झाली होती. कमाईचा धर्म त्यांना जन्माच्या घरी भेटला होता तसाच नव्या घरीही भेटला, आणि दुसऱ्या खेपेला तो ओळखणे अधिक कठीण गेले. व्रतांची जागा समाजसेवेने घेतली होती, आणि समाजसेवेला नाव ठेवणार कोण?

तिसरी खेप 1905 ची. त्या वर्षीच्या जूनअखेर मुक्ती मिशनमध्ये मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, पापे कबूल करत. पुढे अन्य, म्हणजे कधी न शिकलेल्या, भाषांत बोलण्याचे अनुभवही आले. अशा वेळी अनुभवच नवे मोजमाप होतो. जिला अश्रू आले ती पास, जिला आले नाहीत ती नापास. जगभरच्या पेंटेकॉस्टल वर्तुळांत अन्य भाषा हीच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, असा आग्रह तेव्हा जोर धरत होता. आपल्याच आश्रमात जागरण घडलेले असूनही रमाबाईंनी 1907 मध्ये लिहिले की ही एक खूण जरूर आहे, पण तीच एकमेव आणि अनिवार्य मानायला शास्त्राधार नाही. अनिवार्य आहे ती प्रीती. त्यांच्या सगळ्या लेखनात हा निर्णय सर्वांत प्रौढ ठरावा. भावनेची लाट ओसरल्यावर शहाणपण सुचणारे पुष्कळ असतात, लाटेत असताना सुचणारे विरळाच.

युरोपातही हा प्रवास याच वळणांनी झालेला दिसतो. मार्टिन ल्यूथर एर्फुर्टच्या मठात पापनिवेदनाने स्वतःला झिजवत होता. इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली अमेरिकेतल्या जॉर्जियात मिशनरी म्हणून गेला, तिथून हताश होऊन परतला आणि 24 मे 1738 रोजी लंडनमधल्या एका सभेत ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना ऐकताना निश्चिंत झाला. दोघेही धर्मात हयगय करणारे नव्हते. कमाईच्या धर्माचा जाच नेहमी मेहनती माणसालाच होतो.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. बारामतीत आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या मोरोपंतांनी (1729–1794) शंभरावर रामायणे रचली, तरी ‘केकावली’त देवापुढे ते ही कमाई मांडत नाहीत, पतितांना तारण्याच्या देवाच्याच लौकिकाचा हवाला देत दया मागतात. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूरवरूनच पंढरीला जाते, आणि स्वतःच्या उणेपणाची कबुली देऊन देवाला साकडे घालणारा तो सूर या भागाच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामांमार्गेच ख्रिस्ताकडे आलो असे मानत. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. अर्थात दोन परंपरा एकच आहेत असे यातून निघत नाही. ख्रिस्ती मतात कृपा क्रूसावर घडलेल्या एका विशिष्ट घटनेशी बांधलेली आहे. वारकरी भक्तीचा पाया वेगळा आहे. कमाई हातात घेऊन देवापुढे जाता येत नाही, एवढी ओळख मात्र दोन्हीकडे पक्की आहे.

कृपेवर जुना आक्षेप असा की फेडायचे काही नसेल तर माणूस काम कशाला करील? पौलालाही हा प्रश्न रोमकरांस पत्रात हाताळावा लागला, आणि जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर याने 1937 मध्ये, नाझी राजवटीत, स्वस्त कृपेवर कठोर टीका केली. ज्या क्षमेने माणसाच्या वागण्यात काहीच फरक पडत नाही, तिला तो कृपा म्हणायला तयार नव्हता. आक्षेप खराच आहे. पण त्याचे उत्तर पुन्हा उचल-फेडीकडे जाण्यात नाही. कर्जदार हप्त्यापुरतेच राबतो आणि नजर हिशेबावर ठेवतो. ज्याला फेडायचे नाही त्याच्या कामाला ती मर्यादा राहत नाही.

केडगावात हेच घडले. 1891 नंतर रमाबाईंचे काम कमी झाले नाही, कैक पटींनी वाढले. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-स्त्रिया आणल्या. 1900 च्या दुष्काळानंतर मुक्तीत सुमारे दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना हे सारे बायका चालवत. शेवटच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते भाषांतर पूर्ण झालेले होते.