जामीनदार नसलेल्याचे मत

ज्यांना ज्यांना मत नाकारले गेले, त्यांच्याबद्दल नाकारणाऱ्यांनी दर वेळी एकच कारण सांगितले आहे : यांची अजून तेवढी लायकी नाही. १९१९च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मत मिळाले ते मुख्यतः ठरावीक शेतसारा, आयकर किंवा घरभाडे भरणाऱ्यांना. बायकांना तेही नव्हते. मुंबईच्या कौन्सिलाने १९२१ साली ठराव केला तेव्हा त्यांना आत घेतले, पण मालमत्तेची अट तशीच राहिली. १९३५च्या कायद्याने बायकांना ठरावीक मालमत्ता असणाऱ्याची पत्नी किंवा विधवा म्हणून मत मिळू लागले. गावकुसाबाहेरचा भूमिहीन, पाटलाच्या शेतावर राबणारा सालगडी, त्याची बायको हे सगळे बहुतेक बाहेरच राहिले. राज्य त्यांच्यावर चालत होते, राज्याविषयी बोलायचे मात्र दुसऱ्यांनी.

मी नोकरी केली ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात, कारकून म्हणून. घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ आहे. त्यामुळे हा प्रश्न मला कायद्याचा वाटतो तेवढाच परमार्थाचाही वाटतो. लायकी आधी आणि प्रवेश नंतर, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. ब्रह्मसूत्रांत एक अख्खे प्रकरण शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही हे ठरवण्यात खर्ची पडले आहे. सर्वांभूती एकच ब्रह्म सांगणाऱ्या शंकराचार्यांनीही आपल्या भाष्यात ते उचलूनच धरले. इकडे १२९०मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती ज्यांच्यासाठी, त्यांच्यापुढे कसलीही परीक्षा ठेवली नाही. तरीही अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाची पायरी ओलांडता आली नाही. त्यांची समाधी महाद्वाराशी, बाहेर आहे. विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. एकाच वारकरी पंथाच्या पोटात दोन्ही गोष्टी नांदल्या, हे आम्ही माळकऱ्यांनी विसरू नये.

देव अजामिळाला आणि वाल्या कोळ्याला जवळ करतो, म्हणून सरकारने प्रत्येक अपराध्याला मत द्यावे, असा सोपा हिशेब मी मांडत नाही. कृपा वेगळी आणि राज्यकारभार वेगळा. माझा प्रश्न इतकाच आहे : मत हे चांगुलपणाचे बक्षीस आहे का? माझे उत्तर, नाही. ज्याच्या अंगावर कायदा पडतो, त्याला तो करणाऱ्यांना निवडण्याचा हक्क आहे. त्याचे शिक्षण, त्याची मिळकत, त्याचा स्वभाव हे नंतरचे.

बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार लवकर आणि फार स्पष्टपणे मांडले. १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी सांगितले की मताधिकार हेच एक शिक्षण आहे. म्हणजे आधी शिका आणि मग या, असे म्हणता येत नाही. सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी सर्व प्रौढांना मत मागितले आणि निरक्षर म्हणजे निर्बुद्ध ही समजूत खोडून काढली. दोन दशकांनी ती मागणी संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदात उतरली. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीच्या यादीत सुमारे १७ कोटी ३० लाख नावे होती आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते. शेतसाऱ्याची पावती कोणी मागितली नाही. माणसाच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती आपल्या आजीआजोबांच्या हातून घडली.

पण त्याच १९५१ साली लोकप्रतिनिधित्व कायदा झाला. त्याचे कलम ६२(५) सांगते की तुरुंगात किंवा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत असलेल्या माणसाला मतदान करता येणार नाही. शिक्षा झालेली असो वा नसो. अपवाद एकच, प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेल्यांचा. त्यांना टपालाने मत देता येते.

आता कोर्टाच्या टेबलामागून जे दिसते ते सांगतो. दोन माणसांवर एकाच कलमाखाली गुन्हा दाखल होतो. दोघांनाही जामीन मंजूर होतो. एकाचा चुलता संध्याकाळच्या आत सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहतो. दुसऱ्याचे कोणी नाही. असले तरी त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. जातमुचलक्यावर सोडले जाईल अशी आशा ठेवून त्याची बायको पोर काखेत घेऊन व्हरांड्यात बसून राहते. हुकूम जामिनाचा आहे, माणूस मात्र आत आहे. निवडणूक लागते तेव्हा पहिला जाऊन मत देऊन येतो. दुसऱ्याचे नाव यादीत असते, मत नसते. शेतसारा भरणाऱ्यांनाच मत देणारा इंग्रजी नियम आपण १९५०मध्ये काढून टाकला, आणि सातबाऱ्याच्या रूपाने तो मागच्या दाराने परत आला. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि याचा मला मनापासून संताप आहे.

सर्वोच्च न्यायालयाला जामिनातला हा भेद कधीच दिसला होता. १९७८च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी गरिबाला असे अडवणे चुकीचे ठरवले. पण १९९७मध्ये कलम ६२(५) तपासायची वेळ आली तेव्हा न्यायालयाने ते वैध ठरवले. कारणे दिली ती अशी : कैद्यांच्या मतदानासाठी पोलीस आणि साधने कमी पडतील, माणूस आपल्याच वर्तनामुळे तुरुंगात असतो, आणि गुन्हेगारीला निवडणुकीपासून दूर ठेवले पाहिजे.

या निकालाबद्दल आदर ठेवून सांगतो, दुसरे कारण मला पटत नाही. खटला चालायचाच आहे, तर वर्तन सिद्ध कोणी केले? २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांतले ४ लाख ३४ हजार, दर चारांतले तीन, कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. गुन्हेगारीला दूर ठेवायचे म्हणावे, तर आतल्या माणसाला निवडणूक लढवता यावी म्हणून संसदेने २०१३मध्ये कायदा दुरुस्त केला. उमेदवार होता येते आणि मतदार होता येत नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

सिद्ध होण्याआधीच माणसाला गुन्हेगार ठरवण्याची रीत जुनी आहे. सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची वसाहत, आमच्याकडे अजून बोलण्यात येते. १८७१पासून लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. देशभरातून तो कायदा गेला १९५२ साली, पहिल्या निवडणुकीनंतर. पण आजही चोरी कुठेही झाली तरी पालावर पहिली धाड पडते, आणि पालावरच्या माणसाकडे सातबारा कुठून असणार?

दक्षिण आफ्रिकेत मात्र १९९९ साली तिथल्या संविधान न्यायालयाने निवडणूक आयोगाला कैद्यांची नोंदणी आणि मतदान करून घ्यायला लावले. तो निकाल लिहिणारे न्या. आल्बी सॅक्स वर्णद्वेषी राजवटीत स्वतः एकांत कोठडीत राहिलेले होते. त्यांच्या देशाने शिक्षा झालेल्यांनाही आत घेतले. शिक्षा झालेल्यांबद्दल आपल्याकडे वाद होईल, व्हावा. माझे मन त्यांच्याही बाजूने आहे : स्वातंत्र्य गेले ही शिक्षा आहे, नागरिकत्व काढून घ्या असे कोणत्याही न्यायाधीशाने हुकमात लिहिलेले नसते. शिवाय तुरुंगातल्या माणसाचे जेवण, औषध, उजेड, भेटीची वेळ हे सगळे सरकारच्या हातात असते. त्याच्याइतका सरकारच्या मुठीत दुसरा कोणी नाही. पण तो वाद मिटेपर्यंत कच्च्या कैद्यांना ताटकळत ठेवण्याचे काही कारण नाही.

टपाली मताची पद्धत आहे. सैनिक ती वापरतात, स्थानबद्धांसाठी ती तुरुंगातही लागू आहे. पुढच्या वेळी उमेदवार तुमच्या दारात येईल तेव्हा त्याला विचारा की कच्च्या कैद्यांना मत देण्याच्या बाजूने तो सभागृहात हात वर करील का. कलम ६२(५) बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेचे साधे बहुमत पुरते.