कर्णा आणि कान

लग्नाचा मांडव असो, भागवत सप्ताह असो की कापसाच्या भावासाठी भरलेली सभा, वऱ्हाडात कित्येक वर्षं मांडवाच्याही आधी वर चढायचा तो कर्णा. लिंबाच्या फांदीला नाहीतर बल्लीला तारेनं आवळलेला, राखाडी रंगाचा, ॲल्युमिनियमचा. अमरावती-अकोल्याच्या बिछायत केंद्रांकडे पुढे मोठमोठे बॉक्स आले आणि जुने कर्णे गोदामाच्या कोपऱ्यात, मंदिराच्या माळ्यावर, नाहीतर थेट भंगारात गेले. जुन्या आवाजाचे शौकीन ते तिथूनच उचलतात, घासूनपुसून घरी लावतात. दिसायला हा छंद. पण ज्या वस्तूवरून मंदिर-मशिदींचे वाद पेटले आणि न्यायालयांना निकाल द्यावे लागले, तीच वस्तू दहा बाय बाराच्या खोलीत आली की एक धार्मिक प्रश्न फार स्वच्छ होऊन समोर येतो. देवाचं नाव मोठ्यानं ऐकवल्यानं भक्ती वाढते का? आणि ऐकणं हे नेमकं कोणाचं काम?

आधी वस्तू नीट पाहू. कर्ण्याचं पुढचं तोंड म्हणजे नुसता पसरत जाणारा पोकळ मार्ग. त्यात विजेचा संबंध नाही. सगळा जीव मागे आट्यांवर फिरवून बसवलेल्या युनिटमध्ये. तिथे चुंबक, तारेचं बारीक वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम. हा इवलासा पडदा मोकळ्या हवेत एकटा फारसं काही हलवू शकत नाही. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात मात्र त्याला हवेचा दाब मिळतो आणि ती ताकद हळूहळू बाहेरच्या हवेच्या हवाली होते. शेताच्या धुऱ्यावरून हाक मारताना माणूस तोंडाभोवती दोन्ही तळवे धरतो, तसंच हे. घरातला साधा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६-८८ डेसिबल आवाज देतो; कर्णा १०५ च्या आसपास जातो. म्हणजे तेवढ्याच आवाजाला पन्नासएक पट कमी वीज. जेन्सन आणि प्रिडहॅम या जोडीनं १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत आपला लाउडस्पीकर लोकांसमोर वाजवला, तेव्हा ॲम्प्लिफायर अगदीच दुबळे होते. कर्ण्याशिवाय सभेला आवाज पोचलाच नसता. आपल्याकडे मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’नं १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना हीच सोय पुरवली. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोंत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ची पाटी आजही वाचता येते.

घरी आणताना मात्र कर्ण्याचे नियम पाळावे लागतात. तोंडाला पोचे असले तरी चालतात. गळ्याशी चीर असली किंवा आट्यांतून हवा निसटत असली तर आवाज चिरका होतो. १६ ओहमचं युनिट मल्टीमीटरवर साधारण १२-१३ ओहम दाखवतं. काटा हललाच नाही तर वेटोळं तुटलेलं, पण तेवढ्यावरून युनिट टाकून द्यायचं कारण नाही, डायफ्रॅम बदलता येतो. काही युनिटांत लांब तारांसाठी १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो. घरच्या ॲम्प्लिफायरला जोडताना तो बाजूला काढावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खर्जाचा आवाज युनिटपर्यंत जाऊ द्यायचा नाही. त्या खालच्या सुरांना कर्ण्याच्या गळ्यात दाब मिळत नाही, पडदा मोकाट हलतो आणि फाटतो. म्हणून मालिकेत ३३ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावतात. मग साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं अडायला लागतं.

इथेच गंमत आहे, आणि तत्त्वज्ञानही.

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झचा. तो या कर्ण्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाही. बाहेर पडतात ते त्याच्या पटीतले वरचे सूर. तरी ऐकणाऱ्याला आवाज पुरुषाचाच, भरदारच लागतो, कारण वरच्या सुरांमधल्या अंतरावरून कान आणि मेंदू मिळून तो गळालेला मूळ सूर उभा करतात. गाडगेबाबांचं वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं ८ नोव्हेंबर १९५६ चं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीपाशी बाबा गेले. ते कीर्तन जुन्या कर्ण्यावर लावलं तर बाबांच्या आवाजाचा पाया यंत्र देत नाही. तो ऐकणाराच भरतो.

बाबांच्या कीर्तनाची रीतही तशीच होती. ते सांगत कमी, विचारत जास्त. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे बकरं कापावं का, पोराला शाळेत घालावं की नाही, असं एकामागून एक विचारायचं आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढायचं. समोरची माणसं कामाला लागली नाहीत तर कीर्तन पुढे सरकणारच नाही.

शब्द मुळात आहे तरी काय, या प्रश्नावर आपल्या दर्शनांतही मोठा झगडा झाला आहे. नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. पाण्यावरच्या तरंगासारखा एकातून दुसरा उठत कानापर्यंत येतो. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. लाउडस्पीकर नवा होता तेव्हा उपखंडातल्या उलेमांपुढेही याच जातीचा पेच आला: यंत्रातून येणारा आवाज इमामाचाच, की त्याचा प्रतिध्वनी? प्रतिध्वनी असेल तर त्यामागे केलेली नमाज धरायची कशी? मौलाना अशरफ अली थानवींचा सुरुवातीला विरोधच होता. आज ज्याला धर्माचं अंग समजून लोक भांडतात, ते यंत्र धर्माच्या दारातून अशी चौकशी होऊन आत आलं, हे विसरायला नको.

हिंदू परंपरेचा कौलही आवाजाच्या बाजूचा नाही. मनुस्मृतीत जपाची चढती पायरी सांगितली आहे: मोठ्यानं केलेल्यापेक्षा ओठांत पुटपुटलेला श्रेष्ठ, त्याहून मनातला. नवविधा भक्तीत मात्र पहिलं श्रवण, मग कीर्तन. म्हणजे ऐकण्याची जागा ऐकवण्याच्याही आधी. या श्रवणाचं वऱ्हाडातलं सर्वांत थोर उदाहरण म्हणजे माधानचे गुलाबराव महाराज. लहानपणीच, नऊ महिन्यांचे असताना, त्यांची दृष्टी गेली. पोथ्या, शास्त्रं त्यांनी दुसऱ्यांकडून वाचवून घेतली आणि १८८१ ते १९१५ एवढ्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सांगितले. त्यांना कोणी माळ्यावरून ओरडून ज्ञान दिलं नाही. त्यांनी ते मागून घेतलं.

श्रवण हे ऐकणाऱ्याचं कर्म आहे, असं एकदा मान्य केलं की ते दुसऱ्याकडून सक्तीनं करून घेता येत नाही, हे ओघानंच आलं. परीक्षेला बसलेली मुलगी, रात्रपाळीहून आलेला कामगार, दवाखान्यातला रोगी यांच्या कानावर रात्रभर पडणारा गजर त्यांच्या खात्यावर भक्ती म्हणून जमा होत नाही, लावणाऱ्याच्याही होत नाही. ‘आवाज कमी करा ना जी,’ एवढं म्हणायलाही गल्लीत माणूस कचरतो, धर्मद्रोही ठरण्याच्या भीतीनं; ही भीती धर्माला शोभणारी नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३० ऑगस्ट २००० च्या निकालात स्पष्ट सांगितलं, की दुसऱ्यांची शांतता मोडून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असं कोणताही धर्म सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बजावलं, की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमांची मर्यादा आहे. गाभारा आणि शेजारचं घर दोघांनाही ती लागू आहे.

याचा अर्थ कर्णा वाईट, असा मुळीच नाही. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला लाखोंचा समुदाय जमतो. तिथे ध्वनिक्षेपकाशिवाय प्रार्थना एका सुरात होणं कठीण. पण त्याच समुदायात, महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी देह ठेवला ती वेळ, ४ वाजून ५८ मिनिटं झाली की सगळे मौन पाळतात. यंत्र कधी थांबवायचं हे ज्यांना कळतं, त्यांच्या हाती ते शोभतं.

तेव्हा गावच्या मंदिराच्या माळ्यावर जुना कर्णा पडला असेल तर विश्वस्तांना विचारून घ्या, किलोच्या भावानं जाऊ देऊ नका. युनिट तपासा, कपॅसिटर लावा, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा ठेवा. खोलीत वॅटचा शंभरावा भागही पुरतो. गाडगेबाबांचं ते कीर्तन लावा, ज्यांना ऐकायचंय त्यांना बोलवा, आणि बाबा विचारतील तिथे उत्तर द्या.